शब्दांकन करताना कानावर पडलेलं गुपित

प्रश्न : एका माजी मंत्र्यांच्या आत्मचरित्राचं शब्दांकन करतो आहे. बाराव्या बैठकीत त्यांनी एका भूखंडाचं आरक्षण उठवताना कोणी किती पैसे घेतले ते नावांनिशी सांगितलं आणि म्हणाले, ‘हे पुस्तकात नको, तुमच्या माहितीसाठी.’ रेकॉर्डर चालूच होता. या टेपचं काय करू?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आधी एक करा : घाबरून फाइल उडवू नका. चौकशीत पुरावा हाती लागू नये म्हणून रेकॉर्ड नष्ट करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. शिवाय फोनमधून किंवा रेकॉर्डरमधून उडवलेली फाइल अनेकदा परत मिळवता येते. मग मजकुरापेक्षा ती का उडवली हाच प्रश्न मोठा होतो.

अशिलाने सांगितलेलं गुप्त ठेवण्याचं संरक्षण वकिलाला आहे. पत्रकाराचं स्रोत न सांगण्याचं संरक्षण १९७८च्या प्रेस कौन्सिल कायद्यात आहे, तेही कौन्सिलपुढच्या कामकाजापुरतं. शब्दांकनकाराला यातलं काहीच नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली तुमचा रेकॉर्डर किंवा फोन मागता येतो, आणि ‘हे ऑफ द रेकॉर्ड होतं’ हे उत्तर तिथे चालत नाही. त्याच संहितेच्या कलम ३३ मध्ये काही गुन्ह्यांची माहिती पोलिसांना देणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. खून, दरोडा, सरकारी नोकराने केलेला अपहार असे प्रकार त्या यादीत आहेत. तुमच्या टेपमधला प्रकार तिच्यात बसतो का, हे फौजदारी वकिलाकडून पाहून घ्या. त्यांना टेप ऐकवण्याआधी रीतसर वकीलपत्र द्या.

आता टेप. मूळ फाइल वेव्ह स्वरूपात असेल तर तशीच राहू द्या. एक तासाचं मोनो रेकॉर्डिंग साधारण ३२० एमबी होतं, जागेची अडचण नाही. त्याच दिवशी फाइलची हॅश किंमत (संगणकाने फाइलवरून काढलेली आकडे-अक्षरांची ओळखखूण, फाइल जराही बदलली तर ती बदलते) काढून वहीत तारखेसह लिहा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात हॅश द्यावी लागते, आणि तिच्यामुळे नंतर कोणी ‘मधलं कापलं’ म्हटलं तर उत्तर देता येतं. दोन प्रती करा, दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. बहुतेकांची चूक एकच असते : टंकलेखकाला ऑडिओ व्हॉट्सअॅपवर पाठवतात. तिथे व्हॉइस मेसेज म्हणून गेलेला आवाज आकुंचन पावतो, हॅश बदलते आणि प्रत कुठे कुठे गेली याचा हिशोब राहत नाही. असा भाग स्वतःच उतरवा. एका तासाला चार ते सहा तास लागतात, लागू देत.

उतरवताना समासात तीनच खुणा करा : ‘पाहिलं’, ‘ऐकलं’, ‘वाटलं’. राजकारणी माणूस तिन्ही एकाच सुरात सांगतो. मग तारखा ताडून पाहा : शासन निर्णय, राजपत्र, विधिमंडळाच्या कामकाजाचे अहवाल, त्या आठवड्याची वर्तमानपत्रं. ‘जुलैत नागपूर अधिवेशनात ठरलं’ असं सांगितलं तर थबका, कारण नागपूरचं अधिवेशन एरवी हिवाळ्यात असतं. पण लगेच खोटंही ठरवू नका. २०१८चं पावसाळी अधिवेशन नागपुरातच झालं होतं. पुष्कळदा माणूस खोटं बोलत नसतो, दोन बैठकांची त्याच्या डोक्यात एक झालेली असते. बदनामीच्या खटल्यात मात्र हा फरक कोणी ऐकून घेत नाही.

प्रश्न : निवेदकांनी, म्हणजे ज्यांच्या आत्मचरित्राचं शब्दांकन करतो आहे त्यांनी, ‘गोपनीय’ शिक्का असलेली एक फाइल झेरॉक्ससाठी दिली आहे. काढू का?
— पुणे

उत्तर : काढू नका. १९२३च्या शासकीय गुपिते अधिनियमाच्या कलम ५ मध्ये असे कागद देणाऱ्याइतकाच जाणूनबुजून घेणाराही सापडतो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. शिक्का आहे म्हणून प्रत्येक कागद त्या कायद्याखालचं गुपित ठरतो असं नाही, पण तो वाद अटकेनंतर घालण्यात अर्थ नाही. फाइल वाचलीत तर कोणता कागद, कोणत्या तारखेचा, एवढंच टिपा आणि तीच माहिती माहितीच्या अधिकारात मागवा. राफेल विमान खरेदीच्या प्रकरणात २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने वर्तमानपत्रात छापून आलेले संरक्षण खात्याचे कागद विचारात घेतले, हे खरं. पण तिथे प्रश्न न्यायालयाने ते पाहावेत का, एवढाच होता. ते बाळगणाऱ्याला त्यातून अभय मिळत नाही.

प्रश्न : वादग्रस्त प्रकरण आत्ता न छापता पुढच्या पिढीसाठी ठेवता येईल का?
— कोल्हापूर

उत्तर : येईल, आणि याचा उत्तम दाखला आपल्याकडेच आहे. ‘इंडिया विन्स फ्रीडम’ या आत्मकथनासाठी मौलाना आझाद उर्दूत सांगत, हुमायून कबीर टिपणं काढून इंग्रजीत प्रकरण लिहीत, मग आझाद ते तपासत. हे काम सुमारे दोन वर्षं चाललं. त्यातली सुमारे तीस पानं आझादांनी बाजूला काढली. त्यांच्या सीलबंद प्रती कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ठेवल्या गेल्या. आझाद २२ फेब्रुवारी १९५८ला गेले. पानं तीस वर्षांनी, १९८८ साली, कोर्टकज्जे होऊन उघडली. निघालं काय, तर बराचसा मजकूर सहकाऱ्यांविषयीच्या परखड मतांचा. लोकांनी त्याहून कितीतरी भयंकर काही कल्पून ठेवलं होतं! बंद पाकिटाची ही किंमत असते. काही छापलं नाही तरी अफवा पिकते.

या व्यवस्थेत दोन गोष्टी पक्क्या होत्या : प्रती दोन संस्थांत होत्या आणि मुदत आधीच ठरली होती. घरच्या कपाटात दोन्ही नसतात. निवेदक गेले की एक मुलगा छापा म्हणतो, दुसरा जाळा म्हणतो. म्हणून कधी उघडायचं, कोणी उघडायचं आणि छापण्याचा हक्क कोणाचा, हे निवेदकाच्या सहीने, दोन साक्षीदारांसह लिहून घ्या. पाकिटाच्या जोडावर सही, वर लाखेचं सील. आत चांगल्या आम्लरहित कागदावर छापील प्रत हवी. पेनड्राइव्ह तीस वर्षांनी चालेल या भरवशावर राहू नका. आणि पुस्तकात त्या प्रकरणाकडे बोट दाखवणारं वाक्य राहिलं नाही ना, ते पाहा. ‘त्या रात्री काय झालं ते पुढे कधीतरी’ या एका ओळीनेच सगळं फुटतं.

प्रश्न : करारात ‘मजकूर बदनामीकारक नाही, अशी लेखक हमी देतो’ असं आहे. मी सही करावी का?
— ठाणे

उत्तर : ‘लेखक’ म्हणजे कोण, ते आधी खोडून नीट लिहून घ्या. मजकुराची हमी निवेदकाने द्यायची. तुम्ही फक्त एवढी द्या की टेपमध्ये नसलेलं काही घातलेलं नाही. हस्तलिखिताच्या प्रत्येक पानावर त्यांची सही घ्या. शेवटच्या पानावरच्या एका सहीचा उपयोग नाही, ‘मधलं मी वाचलंच नव्हतं’ हा बचाव ठरलेला आहे. वकिलाचा खर्च त्यांच्याकडे, हेही लिहा. तरी अशी हमी पैशापुरतीच. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीला दोन वर्षांपर्यंत कैद आहे, ती करारानं दुसऱ्याच्या अंगावर ढकलता येत नाही. फौजदारी खटल्यात गोष्ट खरी असणंही पुरत नाही. ती सांगणं लोकहिताचं होतं हेही दाखवावं लागतं.

प्रश्न : ज्यांची नावं आहेत ते अधिकारी छपाईआधीच पुस्तक थांबवू शकतात का?
— नाशिक

उत्तर : नुसती धमकीची पत्रं पाठवून नाही. तमिळनाडूत फाशीची शिक्षा झालेल्या ऑटो शंकरने तुरुंगात आत्मचरित्र लिहिलं, त्यात पोलीस आणि सनदी अधिकाऱ्यांशी असलेले संबंध होते. ‘नक्कीरन’ साप्ताहिकाने ते छापू नये म्हणून तुरुंग खात्याने पत्र पाठवलं. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बदनामीच्या भीतीने सरकार किंवा अधिकारी आधीच छपाई रोखू शकत नाहीत. छापल्यावर दावा लावावा. सार्वजनिक दप्तरात असलेलं परवानगीशिवाय छापता येतं, हेही त्याच निकालात आहे; पहिल्या उत्तरात राजपत्र आणि शासन निर्णय शोधायला सांगितलं, त्याचं हेही एक कारण. मात्र खासगी व्यक्तीने दिवाणी न्यायालयातून तात्पुरता मनाई हुकूम आणण्याची शक्यता उरतेच. तेव्हा प्रकाशकाच्या वकिलाकडून कॅव्हेट, म्हणजे ‘आमचं ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका’ असा अर्ज, दाखल करून ठेवा. ते ९० दिवस चालतं, मग नवं टाकावं लागतं.