नाही म्हणायची जागा

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र सावकाश वाचलं. कामाच्या ठिकाणी लग्न, लैंगिकता, देवधर्म असला विषय निघाला की तुझी जीभ टाळ्याला चिकटते आणि रात्री त्याचीच टोचणी लागते, असं लिहिलं आहेस. बोलावं तर बुरसटलेलं ठरण्याची भीती, न बोलावं तर येशूचा शिष्य पेत्र याच्यासारखं प्रभूला नाकारल्यासारखं वाटतं. पण पेत्राची गोष्ट नीट आठव. त्याला तोंडावर विचारलं होतं, तू येशूबरोबरचाच ना? आणि तो नाही म्हणाला. तुला असं कुणी विचारलं आणि तू नाकारलंस, असं तुझ्या पत्रात कुठेच नाही. चारजण गप्पा मारत होते आणि तू त्यात आपलं मत घातलं नाहीस, एवढंच झालं. त्याला नाकारणं म्हणत नाहीत.

पुढे त्याच पेत्राच्या पहिल्या पत्रात म्हटलं आहे की तुमच्या आशेचं कारण जो विचारेल त्याला उत्तर द्यायला तयार असा, मात्र सौम्यतेनं आणि आदरानं. म्हणजे आधी कुणाला तरी विचारावंसं वाटलं पाहिजे. आणि एक अध्याय पुढे गेलास की आणखी गंमत आहे. दुःख सोसायची वेळ आली तर ती खुनी, चोर म्हणून येऊ नये, असं सांगताना त्याच यादीत दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करणाराही बसवला आहे. यादीतल्या या शेवटच्या नावावर प्रवचन झालेलं मी तरी फारसं ऐकलेलं नाही. लोकांच्या संसारात नाक खुपसून चार शब्द ऐकावे लागले, तर तो ख्रिस्तासाठी झालेला छळ नव्हे.

मग ठाम कुठे राहायचं? बाबेलला पाडाव करून नेलेल्या यहुदी दानीएलाचा पहिला अध्याय पुन्हा वाच, आणि या वेळी त्यानं काय काय मान्य केलं तेही बघ. बाबेलचं शिक्षण त्यानं घेतलं, खास्द्यांची, म्हणजे तिथल्या लोकांची, भाषा आणि विद्या शिकला, बेल्टशस्सर हे परक्या दैवताची आठवण करून देणारं नाव चालवून घेतलं, राजदरबारी नोकरीही पत्करली. आपल्यातल्या पुष्कळांनी नावावरूनच रान उठवलं असतं. तो अडला तो एका जागी, राजाच्या ताटापाशी; त्या अन्नानं आपण विटाळू असं त्याला वाटलं. आणि अडला तोही कसा? त्यानं आधी मुख्य अधिकाऱ्याला विनंती केली. तो अधिकारी घाबरला होता; ही मुलं वाळलेली दिसली तर राजा माझं डोकं उडवेल, असं त्यानं उघड सांगितलं. दानीएलानं ती भीती झटकून टाकली नाही. देखरेख करणाऱ्याकडे जाऊन त्यानं तोडगा काढला, की दहा दिवस आम्हाला भाजीपाला आणि पाणी देऊन पाहा, मग काय ते ठरवा. आपल्या निष्ठेपायी दुसऱ्याची मान अडकू नये, याची काळजी त्यानं घेतली.

तुझ्या पत्रातल्या खोट्या बिलाच्या प्रकरणात मला हेच दिसतं. वरिष्ठ सही कर म्हणतात. सही करू नकोस. इथे घासाघीस नाही. पण सगळ्यांसमोर नीतीचा पाठ देऊ नकोस. त्यांना एकटं गाठ, खरा खर्च दाखवून काम कसं भागेल ते मांड, लागला तर जास्तीचा वेळ स्वतः दे. तरीही ते ऐकणार नाहीत, असं होऊ शकतं. त्याची किंमत मग तू मोज, ती सहकाऱ्याच्या माथी मारू नकोस.

मंडळीतले, म्हणजे आपल्या चर्चमधले, वडीलधारे म्हणतात की काळ फार बिघडला, पूर्वीचे दिवस परत यायला हवेत. त्यांचा मान राख, पण हनन्या संदेष्ट्याला विसरू नकोस. दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल, असं तो बाबेलच्या बंदिवासाबद्दल सांगत होता आणि लोकांना ते गोड लागत होतं. यिर्मया संदेष्ट्यानं त्या बंदिवानांना पत्र धाडलं ते सत्तर वर्षांचं: घरं बांधा, मळे लावा, लेकरांची लग्नं करा, आणि ज्या नगरात तुम्हाला नेलं आहे त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. ज्यांनी पाडाव केला त्यांच्याच नगरासाठी! आपण ज्या समाजात राहतो त्याच्यावर रुसून बसायला या पत्रात जागा नाही.

पण काळाबरोबर सगळंच सोडून द्यावं का, हा तुझा प्रश्न उरतोच. त्याला एका वाक्यात उत्तर नाही. अमेरिकेत १८४५ मध्ये बॅप्टिस्ट पंथाच्या मंडळ्या फुटल्या, कारण दक्षिणेकडच्यांना गुलाम बाळगणारे मिशनरीही चालत होते. शास्त्रवचनं त्यांच्याही तोंडी होती. त्यांच्या संघटनेनं त्याबद्दल जाहीर माफी मागितली ती १९९५ मध्ये. तिथे जुन्याला घट्ट धरणं म्हणजे पापाला धरणं होतं. उलट जर्मनीत नाझींच्या काळात ज्यांनी नव्या वाऱ्याप्रमाणे मंडळीला वळवलं, ते स्वतःला काळाबरोबर चालणारे समजत होते. मे १९३४ मध्ये बार्मेन इथे जमलेल्या ख्रिस्ती लोकांनी जाहीरनामा काढून त्याला नकार दिला, आणि तो योग्य होता. (त्या जाहीरनाम्यात ज्यूंच्या छळाबद्दल शब्द नाही, हेही ध्यानात ठेव. धीटपणालाही आंधळी बाजू असते.) म्हणून एखादी गोष्ट नवी की जुनी, एवढ्यावर निकाल देऊ नकोस. मी स्वतःला विचारतो तो प्रश्न असा: या माझ्या ठामपणाचा भार कुणावर पडतो, माझ्यावर की माझ्यापेक्षा दुबळ्या माणसावर? या प्रश्नानं सगळं सुटत नाही, पण बराच ढोंगीपणा उघडा पडतो.

तुझी जी सहकारी लग्नाशिवाय एकत्र राहते, तिच्याशी कसं वागावं हेही विचारलं आहेस. प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला स्पष्ट लिहितो की मंडळीबाहेरच्यांचा न्याय करणं माझं काम नाही, तुम्ही आतल्यांचं बघा. आपण नेमकं उलटं करतो. आतल्यांचं झाकतो आणि बाहेरच्यांवर बोट ठेवतो. तिनं विचारलं तर लग्नाबद्दल तू काय मानतोस ते आडपडदा न ठेवता, थोडक्यात सांग, आणि स्वतःच्या आयुष्यात ते पाळ. तोवर तिची आई दवाखान्यात आहे म्हणालास, तर डबा कोण नेतं ते बघ.

इ.स. ११२ च्या सुमारास प्लिनी नावाच्या रोमी सुभेदारानं सम्राट ट्राजनला ख्रिस्ती लोकांबद्दल अहवाल पाठवला. माहिती काढायला त्यानं दोन गुलाम सेविकांचा छळसुद्धा केला. एवढं करून हाती काय लागलं? हे लोक पहाटे जमतात, ख्रिस्ताला देव मानून गीत म्हणतात, आणि शपथ घेतात की चोरी करणार नाही, व्यभिचार करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही, ठेव परत मागितली तर नाकबूल होणार नाही. त्याला हा निव्वळ अतिरेकी अंधविश्वास वाटला. त्यानं कौतुक मुळीच केलं नाही. पण लोकांची ठेव बुडवत नाहीत, हे त्याला लिहावं लागलं. तुझ्या कचेरीतल्या कुणी तुझ्याबद्दल असा नाराजीचा अहवाल लिहिला, तर त्यात काय येईल?

एक व्यवहाराचं सांगतो. दानीएलाबरोबर त्याचे तिघे सोबती होते, हे आपण विसरतो. तरुणांच्या प्रार्थनासभेत दोघं तरी अशी माणसं शोध की ज्यांच्यापाशी बिलाची, बढतीची, मोहाची गोष्ट न लाजता बोलता येईल. त्यातलं एखादं तुझ्याशी न पटणारं असेल तर उत्तम. काही बाबतींत त्यांचा विवेक वेगळा कौल देईल. रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय त्याचसाठी आहे, तो भांडणाआधी एकत्र वाचा.

वरिष्ठांशी बोलणं झालं की लगेच कळव. बढती हुकली तरी कळव.

प्रभूमध्ये तुझा,
काका