जेवण होतंय तरी वजन उतरतंय: आधी पचन बघा

तुमच्या प्रश्नावरून समजलं ते असं: वडिलांना स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, किमो चालू आहे, जेवण बऱ्यापैकी जातंय तरी वजन उतरतंय, आणि शौच तेलकट होतं म्हणून घरात तेल-लोणी बंद केलंय.

सगळ्यात आधी ते तेल-लोणी परत सुरू करायचं बघा. एक ग्रॅम स्निग्धांशातून नऊ कॅलरी मिळतात, तेवढ्याच पिठा-साखरेतून चार. म्हणजे जेवणातला सगळ्यात ताकदीचा भाग तुम्ही काढून घेतलात. खरी अडचण पचनाची आहे. गाठीमुळे स्वादुपिंडाची नळी दाबली जाते, पाचक रस आतड्यात पोचत नाही आणि खाल्लेलं तसंच बाहेर पडतं. फिकट, चिकट, पाण्यावर तरंगणारं, उग्र वासाचं आणि पाणी सोडलं तरी भांड्याला चिकटून राहणारं शौच, सोबत गुडगुड आणि गॅस, हीच त्याची खूण. मात्र वेदनाशामक मॉर्फिनमुळे बद्धकोष्ठता असेल तर ही खूण झाकली जाते. त्यामुळे शौच घट्ट आहे म्हणजे पचन ठीक आहे, असं धरून चालू नका.

यावर पॅन्क्रियाटिन एन्झाइमच्या, म्हणजे कमी पडणाऱ्या पाचक रसाचं काम करणाऱ्या, कॅप्सूल असतात. डॉक्टरांनी दिल्या नसतील तर स्वतःहून विचारा. दिल्या असतील तर पाकिटावरचा लायपेजचा (स्निग्धांश पचवणाऱ्या एन्झाइमचा) आकडा वाचा. १०,००० युनिटची एकच कॅप्सूल जेवणाला चालू असेल तर ती बहुतेकदा अपुरी पडते. मोठ्या माणसाला सुरुवातीला मुख्य जेवणाला साधारण ५०,००० आणि मधल्या खाण्याला २५,००० युनिट देतात आणि शौच बघून वाढवतात. वाढवायचं ते डॉक्टरांना विचारूनच.

डोस बरोबर असूनही गुण येत नाही, तेव्हा बहुतेकदा घेण्याची पद्धत चुकलेली असते. जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवण उरकल्यावर घेतलेली कॅप्सूल नीट काम करत नाही, कारण एन्झाइम अन्नात मिसळायला हवं. पहिल्या घासाबरोबर अर्धा डोस आणि जेवण निम्मं झाल्यावर उरलेला, असं करा. जेवण अर्ध्या तासाहून जास्त रेंगाळलं तर उरलेल्या भागासाठी आणखी एक लागू शकते. दूध, मिल्कशेक, प्रोटीनचं पेय यांनाही कॅप्सूल लागते, आणि हेच घरोघरी राहून जातं. नुसतं पाणी, कोरा चहा किंवा दोन-चार फोडी फळ असेल तर नको. कॅप्सूल चावू नये, गरम चहाबरोबर घेऊ नये, उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नये. उष्णतेने एन्झाइम मरतं. गिळता येत नसेल तर उघडून आतले दाणे सफरचंदाच्या गार गरात मिसळा, न चावता लगेच गिळा आणि वर पाणी प्या, दाणे तोंडात राहिले तर तोंड येतं. एवढं करूनही फरक नसेल तर आम्ल कमी करणाऱ्या गोळीबद्दल विचारा. जठरातलं आम्ल पुढे आतड्यात नीट मारलं गेलं नाही तर तिथे एन्झाइम काम करत नाही. या कॅप्सूल डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतात, हे घरात आधीच सांगून ठेवा.

अन्न पचायला लागलं की रक्तातली साखर वर जाऊ शकते. मधुमेह असेल तर कॅप्सूल सुरू झाल्यावर काही दिवस साखर जास्त वेळा तपासा. वजन उतरत असताना साखरेच्या भीतीने जेवण कापण्यापेक्षा औषध किंवा इन्सुलिन जुळवून घेणं बरं.

आता खाण्याचं प्रमाण. दिवसाला दर किलो वजनामागे २५ ते ३० कॅलरी आणि १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं धरा. ५५ किलोच्या माणसाला ६६ ते ८३ ग्रॅम प्रथिनं होतात. एका अंड्यात सहा ग्रॅम, पाव लिटर दुधात आठ. हिशेब केला की कमतरता लगेच दिसते. तीन ताटांऐवजी सहा लहान वेळा करा, पहिली सकाळी, कारण संध्याकाळी भूक मरते. अर्धा लिटर दुधात चार मोठे चमचे दूध पावडर घालून तेच दूध दिवसभर वापरा. जेवताना पाणी कमी, पोट त्यानेच भरतं. किमोत ऑक्झालिप्लॅटिन हे औषध असेल तर थंड पेय घशाला झोंबतं, मग सगळं कोमट द्या. आणि रोज थोडं चालणं, खुर्चीतून उठ-बस हवीच. नुसत्या प्रथिनांनी स्नायू टिकत नाहीत.

वजन आठवड्यातून एकदा, सकाळी, त्याच काट्यावर. पाय सुजले किंवा पोटात पाणी झालं तर काटा फसवतो, तेव्हा दंडाचा घेर मोजा.

तासन्‌तास आधी खाल्लेलं तसंच उलटून पडत असेल तर जठराची वाट अडली असू शकते. डोळे पिवळे, लघवी गडद आणि शौच पांढरं झालं तर पित्तनलिका तुंबली असेल. दोन्हींत कॅप्सूल वाढवून उपयोग नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. काविळीबरोबर थंडी वाजून ताप आला तर रात्र असली तरी थेट इस्पितळात न्या.