जठराच्या कॅन्सरमध्ये हायपेक (पोटात दिली जाणारी गरम केमो) करावी का?

वडिलांचा जठराचा कॅन्सर पोटाच्या आतल्या पडद्यावर पसरलाय, डॉक्टरांनी हायपेक सुचवलीय, होकार द्यावा का, असं तुम्ही विचारलंय. होकार देण्याआधी डॉक्टरांना एक आकडा विचारा: पीसीआय (पडद्यावर रोग किती पसरलाय, त्याचे गुण) किती?

पोटाचे 13 भाग धरून प्रत्येकाला गाठींच्या आकारानुसार 0 ते 3 गुण देतात, म्हणजे जास्तीत जास्त 39. जठराच्या कॅन्सरमध्ये हा आकडा साधारण 6-7 च्या आत असेल तरच बहुतेक अनुभवी सर्जन या वाटेला जातात. तो नुसत्या सिटी स्कॅनवरून काढलेला नको. ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी स्कॅनमध्ये सुटतात. लॅप्रोस्कोपीने, म्हणजे पोटाला छोटं छिद्र पाडून दुर्बिणीने आत बघायलाच हवं.

एवढा काटेकोरपणा का, तर पोटात सोडलेलं औषध गाठीत जेमतेम 2-3 मिलिमीटर शिरतं. त्यामुळे आधी डोळ्यांना दिसणारी प्रत्येक गाठ काढावी लागते: जठर, आजूबाजूच्या लसिकाग्रंथी, चरबीचा पदर, रोग असलेला पडदा. खरी लढाई ही. लहान आतड्यावर जागोजागी दाणे असतील तर ते सगळं कापून टाकता येत नाही, आणि मग गरम केमोला अर्थ उरत नाही.

सफाई झाली की पोटात नळ्या टाकतात. पंप आणि हीटरमधून सिस्प्लॅटिन, मायटोमायसिनसारखं औषध मिसळलेलं द्रव 41 ते 43 अंशांवर 60 ते 90 मिनिटं फिरवतात. मधूनमधून पोट हलवत राहतात, नाहीतर द्रव यकृताच्या वर आणि आतड्यांच्या वेटोळ्यांत नीट पोचत नाही. रुग्णाच्या अंगाचं तापमानही चढतं, म्हणून भूलतज्ज्ञ त्याचं अंग आधीच थंड करून ठेवतात.

फायद्याबद्दल स्पष्ट लिहितो. जर्मनीतल्या गॅस्ट्रिपेक चाचणीत 105 रुग्ण होते. दोन्ही गटांचा बेत सफाईच्या शस्त्रक्रियेचा, हायपेक मात्र एकाच गटाला. मध्यम आयुर्मान दोन्हींकडे सारखंच, 14.9 महिने. रोग पुन्हा वाढायला लागलेला वेळ मात्र 3.5 वरून 7.1 महिन्यांवर गेला. फ्रान्सच्या सायटो-चिप अभ्यासात हायपेकवाले जास्त जगले (18.8 विरुद्ध 12.1 महिने), पण तो जुन्या नोंदींवरचा अभ्यास, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते. म्हणून "यानं बरं होईल" असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर दुसरं मत घ्या.

धोक्यांत सर्वात वाईट म्हणजे जठर काढल्यावर जोडलेला अन्ननलिका-आतड्याचा सांधा गळणं. सिस्प्लॅटिननं किडनीला मार बसतो, तेव्हा क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्तातली तपासणी) आधीच वाढलेलं असेल तर हे ठळकपणे सांगा. पांढऱ्या पेशी पुढच्या एक-दोन आठवड्यांत घसरू शकतात; घरी आल्यावर ताप आला तर सकाळची वाट बघू नका.

आधी शिरेतून केमोचे काही डोस देऊन पुन्हा दुर्बिणीने बघणार का, हेही विचारा. एवढ्या औषधानंतरही गाठी वाढल्याच असतील तर मी ऑपरेशनला नाही म्हणेन. आणि ऑपरेशन ठरलंच, तर आतड्यात खाण्याची नळी त्याच वेळी बसवणार का, ते आधी बोलून घ्या. जठर गेल्यावर पहिले काही आठवडे तोंडानं पुरेसं जात नाही.