नसलेल्या पत्त्यावरचा मेल स्वीकारूच नये

आपला प्रश्न असा आहे की, आपल्या छोट्या व्यवसायाच्या डोमेनवर ज्या नावाचे खाते कधी उघडलेच नाही अशा पत्त्यांवर येणारे मेल एका सामाईक पेटीत घ्यावेत, गुपचूप पुसून टाकावेत, की पाठवणाऱ्याकडे परत धाडावेत. मी पोस्टफिक्स या मेल-सॉफ्टवेअरवर चालणारा मेल सर्व्हर सांभाळतो आणि माझे मत या तिन्हींहून वेगळे आहे: असे मेल मुळात स्वीकारूच नयेत.

घेऊन परत पाठवणे आणि न घेणे यांत मोठा फरक आहे. पाठवणारा सर्व्हर मजकूर देण्याआधी 'आरसीपीटी टू' या आज्ञेतून मेल कोणासाठी आहे ते सांगतो. त्याच क्षणी आपल्या सर्व्हरने '५५० ५.१.१', म्हणजे असा पत्ता येथे नाही, असे उत्तर दिले, तर त्या मेलची जबाबदारी आपल्यावर येत नाही. प्रेषकाला कळवण्याचे काम त्याचाच सर्व्हर करतो. याउलट मेल आधी घेतला आणि पत्ता नसल्याचे नंतर उघड झाले, तर न पोहोचल्याची सूचना आपल्या सर्व्हरला धाडावी लागते, आणि ती जाते प्रेषक म्हणून जो पत्ता लिहिलेला असतो त्याच्याकडे. स्पॅममध्ये तो पत्ता बहुधा कोणा तिऱ्हाइताचा असतो. ज्याने काहीच पाठवले नाही त्याच्या पेटीत मग आपल्याकडून कचरा जाऊन पडतो. याला बॅकस्कॅटर म्हणतात आणि त्यापायी आपल्याच सर्व्हरचा आयपी पत्ता स्पॅम पाठवणाऱ्यांच्या काळ्या यादीत जाऊ शकतो.

गुपचूप पुसून टाकणे मला सर्वांत वाईट वाटते. एखाद्या ग्राहकाचे पत्त्यातले एक अक्षर चुकले तर मेल पोहोचला असे समजून तो उत्तराची वाट पाहत बसतो. ५५० मिळाले असते तर त्याला चूक बहुधा काही मिनिटांतच कळली असती.

सामाईक पेटीचा, म्हणजे कॅच-ऑलचा मोह मी समजू शकतो. पण स्पॅम पाठवणारे सामान्य नावांची यादी घेऊन प्रत्येक डोमेनवर एकेक पत्ता आजमावत असतात, आणि कॅच-ऑल असेल तर त्यांचा प्रत्येक अंदाज खरा ठरतो. त्यातून ती पेटी जीमेलकडे वळवलेली असेल तर सगळा स्पॅम आपला सर्व्हरच पाठवतो आहे असे जीमेलला दिसते. पत्ते नाकारल्याने खरे पत्ते कोणते ते उघड होते, हा आक्षेप योग्य आहे. मात्र एकाच जोडणीत २० चुका झाल्या की पोस्टफिक्स मूळ मांडणीनुसार ती तोडतो, आणि लहान डोमेनला तेवढे पुरते.

कॅच-ऑल सध्या चालू असेल तर बंद करण्यापूर्वी त्यातले गेल्या काही महिन्यांचे मेल चाळावेत आणि खऱ्या माणसांनी ज्या चुकीच्या पत्त्यांवर लिहिले आहे त्यांचे अलियास, म्हणजे खऱ्या पेटीकडे नेणारे पर्यायी पत्ते, करून द्यावेत. आपल्याकडे हे विशेष लागते, कारण दीक्षित हे आडनाव रोमन लिपीत कोणी 'एक्स' घालून लिहितो, तर कोणी 'के-एस-एच' घालून. सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याचा पत्ताही काही काळ सहकाऱ्याकडे वळवावा. 'पोस्टमास्टर' हा पत्ता मात्र चालू असलाच पाहिजे, तसे आरएफसी ५३२१ हे ईमेल पाठवण्याचे २००८ चे मानकच सांगते. 'अब्यूज' हा गैरवापराच्या तक्रारींसाठीचा पत्ता १९९७ च्या आरएफसी २१४२ मध्ये आहे आणि तोही ठेवावा.

पोस्टफिक्समध्ये व्हर्च्युअल अलियासच्या तक्त्यात '@' ने सुरू होणारी, नुसत्या डोमेनची ओळ असेल तर तोच कॅच-ऑल होय, ती काढावी. राखीव एमएक्स सर्व्हर, म्हणजे मुख्य सर्व्हर न मिळाल्यास मेल घेणारा दुसरा सर्व्हर, असेल तर त्यावरची 'रिले रेसिपियंट मॅप्स' ही मांडणी आवर्जून पाहावी, कारण ती मुळात रिकामी असते आणि रिकामी असली की तो सर्व्हर त्या डोमेनचा कोणताही पत्ता स्वीकारतो. मुख्य सर्व्हरने नंतर नाकारलेल्या मेलची सूचना मग त्याला पाठवावी लागते. स्पॅमवाले मुद्दाम राखीव सर्व्हरच गाठतात, म्हणून पत्त्यांची यादी तेथेही द्यावी किंवा राखीव सर्व्हरच काढून टाकावा. मी दुसरा मार्ग पत्करला.

सुरुवातीचे काही दिवस ५५० ऐवजी ४५० हा तात्पुरत्या नकाराचा संकेत द्यावा. त्यावर प्रामाणिक सर्व्हर पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतात आणि मानकानुसार निदान ४-५ दिवस हार मानत नाहीत, त्यामुळे यादीत एखादा खरा पत्ता राहून गेला असेल तर सर्व्हरच्या नोंदवहीत (लॉगमध्ये) तो दिसतो आणि मेल न गमावता यादीत भरता येतो.