टाळेबंदीत माणसे घरीच असतात, तरी रुग्ण का वाढतात?

आपण विचारले आहे की निर्बंध लागू झाल्यावर लोक घरात बसतात, तरीही संसर्ग लगेच का थांबत नाही. बेळगावच्या शहापूर भागात माझे औषधांचे दुकान आहे आणि ते अत्यावश्यक सेवेत मोडत असल्यामुळे कोरोनाच्या साथीत २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षांतील टाळेबंदीत ते उघडे होते. तेव्हा जे पाहिले त्यावरून माझे मत असे आहे की निर्बंधांनी माणसांचा संपर्क घटतो हे खरे, परंतु उरलेला संपर्क वेगळ्या वेळी आणि वेगळ्या जागी एकवटतो.

२७ एप्रिल २०२१ पासून कर्नाटकात जीवनावश्यक वस्तूंच्या दुकानांना सकाळी ६ ते १० ही वेळ ठरवून देण्यात आली. एरवी दिवसभर विखुरलेली भाजी-किराण्याची खरेदी त्यामुळे चार तासांत आली आणि दुपारी ओस पडणाऱ्या गणपत गल्लीत सकाळी खांद्याला खांदा लागू लागला. औषधांच्या दुकानांवर हे वेळेचे बंधन नव्हते, तरीही गिऱ्हाईक सकाळीच येत असे, कारण एकदा बाहेर पडल्यावर सगळीच कामे उरकून घ्यावीत असे प्रत्येकाला वाटे.

घरातील धोका याहून मोठा असतो. वडगाव, खासबाग, शहापूर या भागांत अनेक विणकरांच्या घरातच यंत्रमाग असतात. माग थांबले आणि कामासाठी बाहेर जाणारी माणसेही घरी बसली की दोन खोल्यांत सात-आठ जण दिवसरात्र एकत्र राहतात. लक्षणे दिसण्यापूर्वी एक-दोन दिवस आधीपासूनच बाधित व्यक्ती इतरांना संसर्ग देऊ शकते आणि विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण पाच-सहा दिवस, क्वचित चौदा दिवसही जातात. म्हणजे बंद सुरू होण्याआधीच जो घरात आजार घेऊन आला, त्याच्यापासून घरच्यांना झालेली लागण पुढच्या पंधरवड्यात दिसते, आणि लोकांना वाटते की बंदचा काही उपयोगच नाही. उपयोग असतो, पण तो त्यानंतर दिसू लागतो.

आमच्याकडे गावोगावी वार पाळण्याची रूढी आहे, त्यामुळे ठरावीक दिवशी कामे बंद ठेवणे लोकांना नवे नव्हते. मात्र वार पाळताना काम थांबते, एकमेकांकडे जाणे-येणे थांबत नाही. साथीत नेमके तेच थांबवायचे आहे, हे समजावून सांगताना मला फार कष्ट पडले.

सीमाभागाची आणखी एक अडचण आहे. सीमेवरचे बाची गाव ओलांडले की महाराष्ट्रातील शिनोळीची औद्योगिक वसाहत लागते आणि बेळगाव परिसरातील कामगार तेथे रोज ये-जा करतात. २०२१ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्रातून येणाऱ्यांना ७२ तासांच्या आतील आरटीपीसीआर या कोरोना चाचणीचा अहवाल सक्तीचा झाला आणि कोगनोळीच्या नाक्यावर तपासणी सुरू झाली. माझ्या ओळखीच्या काही कामगारांनी रोजची ये-जा सोडून तिकडेच एका खोलीत चार-पाच जणांनी राहणे पत्करले. सीमेवरची वर्दळ कमी झाली, पण एकाच बंद खोलीत रात्रभर श्वास घेणारी माणसे वाढली. नकारात्मक अहवाल तरी केवळ नमुना घेतलेल्या वेळेपुरता खरा असतो. त्यानंतर झालेली लागण त्यात कशी दिसणार?

म्हणून पुन्हा अशी वेळ आली, तर बाजाराचे तास कमी न करता वाढवावेत, भाजीबाजार मोकळ्या मैदानात भरवावा आणि ज्याच्या घरात वेगळी खोली नाही अशा रुग्णाची सोय पहिल्याच दिवशी घराबाहेर करावी, असे मी आग्रहाने सांगेन.