वाचकांचे प्रश्न : खलनायक प्रेमात पडतो तेव्हा

प्रश्न : २०१९चा 'जोकर' फार आवडला होता. २०२४चा दुसरा भाग, 'फोली आ ड्यू', पाहून निराशा झाली. गाण्यांनीच वाट लावली, असं सगळे म्हणतात. खरंच तेवढंच कारण आहे का? – एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : नाही. संगीत नाटकांवर प्रेम करणाऱ्या आपल्या प्रेक्षकाला पात्र मध्येच गाऊ लागलं म्हणून खटकायचं कारण नाही. खटकतं ते हे, की गाण्याआधी 'जोकर'चं रूप घेणारा नायक आर्थर ज्या मनःस्थितीत असतो, गाण्यानंतरही तिथेच असतो. पहिल्या भागात शेजारणीबरोबरचं त्याचं प्रेम आपल्यालाही खरं वाटलं होतं, म्हणून तो भ्रम निघाल्यावर धक्का बसला. इथे स्वप्न हे स्वप्न म्हणूनच समोर येतं, त्यामुळे त्यात कुणाचं काही पणाला लागत नाही.

त्याहून मोठी चूक लीच्या, म्हणजे दुसऱ्या भागातल्या आर्थरच्या प्रेयसीच्या, पात्रात आहे. आपण आर्थरच्याच वस्तीत वाढलो, असं ती सांगते. ते खोटं असल्याचं आर्थरच्या वकीलबाई उघड करतात : ली सुखवस्तू घरातली आहे आणि मनोरुग्णालयात स्वतःहून दाखल झाली होती. आर्थर जाब विचारतो, पण ती गरोदर असल्याचं सांगते आणि विषय मिटतो. एवढ्या मोठ्या खोट्याची किंमत कुणालाच मोजावी लागत नाही! पुढे खुनांच्या खटल्यात आर्थर भर कोर्टात आपलं 'जोकर' हे रूप नाकारतो, तो जुना सहकारी गॅरीची साक्ष, पहारेकऱ्यांची मारहाण आणि एका तरुण कैद्याचा मृत्यू यांमुळे. प्रेमकथेतलं निर्णायक वळण येतं आणि त्यात प्रेयसीचा हातच नसतो.

पहिल्या भागाने जगभरात १०० कोटी डॉलरहून अधिक कमावले. दुसऱ्याची कमाई २० कोटींच्या आसपास अडकली, आणि खर्चही जवळपास तेवढाच होता.

प्रश्न : आमच्या एकांकिकेत खलनायक शेवटी पकडला जातो. आता दुसरा भाग लिहितोय, त्यात तो प्रेमात पडतो. तालमीआधी काय तपासावं? – नाट्यगट, महाल, नागपूर

उत्तर : कागदावर तीन रकाने आखा : प्रवेश, त्याआधी खलनायकाला काय हवं होतं, त्यानंतर काय हवंय. शेवटचे दोन सारखे निघाले तर तो प्रवेश कापा किंवा शेजारच्या प्रवेशात मिसळा. पद असेल तर त्यालाही हाच नियम. मग प्रेयसीचे सगळे संवाद खोडून संहिता वाचा. शेवट तसाच राहत असेल तर ती नुसती शोभेला आहे.

ती माणसावर भाळली आहे की त्याच्या दराऱ्यावर, हे आधी ठरवा. ली 'जोकर'वर भाळलेली असते, आर्थरवर नाही. चित्रपटातली सगळ्यात ताकदीची कल्पना हीच, पण तिचा घाव अगदी शेवटी बसतो. तुम्ही प्रेक्षकाला मध्यावरच कळू द्या, खलनायकाला उशिरा. मधला सगळा वेळ ताण आपोआप टिकेल.

मागची गोष्ट साक्षीदारांच्या तोंडून पुन्हा वदवून घेऊ नका. कोर्टाचे प्रवेश तिथेच रेंगाळतात. चाळीस मिनिटांच्या प्रयोगात मागच्या गोष्टीला दोन-तीन मिनिटं पुष्कळ झाली. आणि मनोरुग्ण म्हणजे हिंसक, हे समीकरण कृपा करून टाळा.

प्रश्न : पहिला भाग न बघता दुसरा बघितला तर? – एक वाचक, सदर, नागपूर

उत्तर : पहिला आधी बघाच. गॅरीची साक्ष हा दुसऱ्या भागातला सर्वोत्तम प्रसंग आहे. पहिल्या भागात खून डोळ्यांदेखत झालेला, ठेंगण्या गॅरीचा दाराच्या साखळीपर्यंत हात पोचत नाही आणि ती काढून देण्यासाठी आर्थरलाच विनवावं लागतं, हे पाहिलेलं असेल तरच गॅरीची भीती कळते.