‘ल्युमिनेसंट’ला ‘चमकणारे’ म्हणावं का?

ताई, तुम्ही कुडाळहून विचारलंत की नववीच्या मुलांच्या विज्ञान प्रदर्शनातल्या तक्त्यावर ‘नॉन-टॉक्सिक ल्युमिनेसंट सिलिकॉन नॅनोपार्टिकल्स’ मराठीत कसं लिहायचं, ‘बिनविषारी चमकणारे सिलिकॉनचे कण’ चालेल का. बिनविषारी चालेल, पण ‘चमकणारे’ मला खटकतं, का ते जरा नीट सांगतो.

आपल्याकडे उन्हात बांगडा माशाचं अंग चमकतं, घासलेला तांब्या चमकतो आणि मिरगाच्या आधी झाडावर काजवेपण चमकतात. म्हणजे दुसऱ्याचा उजेड परत फेकणं आणि स्वतः उजेड देणं, दोन्ही त्या एकाच शब्दात आलं. मग ‘स्वयंप्रकाशी’? तो शब्द आपण सूर्याताऱ्यांना वापरतो, या कणांवर तर आधी बाहेरून अतिनील किंवा निळा प्रकाश टाकावा लागतो. बरं ‘परप्रकाशी’ म्हणावं तर चंद्रासारखं नुसतं परावर्तन नाहीये, कण तो प्रकाश शोषून घेतो आणि वेगळ्याच, लालसर रंगाचा प्रकाश बाहेर टाकतो, आणि समई तेवते तसं यात काही जळतही नाही.

म्हणून ‘दीप्ती’ हा शब्द घ्या. काजव्याची ती जीवदीप्ती, प्रकाश टाकल्यावर मिळते ती प्रकाशदीप्ती. ‘प्रतिदीप्ती’ पण वाचनात येतो पण तो फ्लुरोसन्ससाठी, म्हणजे प्रकाशदीप्तीच्याच एका झटपट प्रकारासाठी, जो सहसा नॅनोसेकंदांत संपतो, आणि सिलिकॉनच्या या कणांचा उजेड बऱ्याचदा मायक्रोसेकंदांपर्यंत रेंगाळतो, तेव्हा मोठ्या अर्थाचा शब्दच बरा. तर ‘दीप्तिमान सिलिकॉन नॅनोकण’. नॅनोला ‘अब्जांश’ आहे, अर्थाने अगदी बरोबर आहे, पण मुलांच्या तोंडी नॅनोच बसलंय, राहू दे.

आता बिनविषारी. धामणीला आपण बिनविषारी म्हणतो कारण तिच्यात विष नसतंच. इथे त्या शब्दामागे तुलना आहे, अंगात सोडून फोटो काढायला आधी जे क्वांटम डॉट, म्हणजे असेच उजेड देणारे दुसरे नॅनोकण, वापरून बघितले त्यातल्या बऱ्याच जणांत कॅडमियम हा धातू असतो आणि तो बाहेर पडला की पेशींना घातक. सिलिकॉनचा कण अंगात हळूहळू विरघळून सिलिसिक आम्ल होतो आणि ते लघवीवाटे जातं. 2009 मध्ये अमेरिकेतल्या सॅन डिएगोच्या मायकल सेलर या शास्त्रज्ञांच्या गटाने उंदरांना असे कण टोचले, त्यांची दीप्ती बाहेरून कॅमेऱ्यात टिपली आणि चारेक आठवड्यांत उंदरांच्या अंगातून ते जवळजवळ गेलेले होते. तक्त्यावर ‘उंदरांवरचा प्रयोग’ हे नक्की लिहा, नाहीतर बघणाऱ्याला वाटेल दवाखान्यात मिळतंय. आणि नुसतं बिनविषारी लिहिण्यापेक्षा ‘अंगात विरघळणारे, बिनविषारी’ लिहिलंत तर कारणपण कळतं.

अजून एक, ‘सिलिकोन’ लिहू नका हं, ते खिडकीच्या फटीत भरतात ते रबरासारखं. सिलिकॉन हे नाव गारगोटीच्या लॅटिन नावावरून आलंय, आपल्या कासार्ड्याच्या सिलिका वाळूत तेच असतं, ऑक्सिजनशी बांधलेलं. साध्या सिलिकॉनच्या तुकड्यातून असा उजेड जवळजवळ येतच नाही, त्याची रचना काही नॅनोमीटर इतकी बारीक झाली की येतो, 1990 मध्ये इंग्लंडमध्ये ली कॅनहॅम यांनी सच्छिद्र सिलिकॉनमधून साध्या तापमानाला लाल उजेड येतो हे दाखवलं तिथून हे सगळं सुरू झालं.

मुलांना दोन पांढऱ्या गारगोट्या काळोख्या खोलीत जोरात घासायला सांगा. आत पिवळट उजेड दिसतो ना, ती घर्षणदीप्ती.